पर्यंत

'पासून' लिहायला सोपं.
'पर्यंत' लिहायला घ्या, मग कळतं.
एका य च्या डोक्यावर रफार,
त्याला खेटून अनुस्वार,
जागा एकाची, बसायले दोघं.
तीन नंबरचा ब्रश लागतो, आणि श्वास धरावा लागतो.

मी मोईन पेंटर, रोशन गेट.
खंडपीठाची इंग्रजी पाटी दुसऱ्याकडं,
मराठी माझ्याकडं, सव्वीस वर्षं.
मलई रंगाचा फळा, तीन रकाने:
नाव, पासून, पर्यंत.
शहराचं नाव बदललं तेव्हा
महिनाभर काम पुरलं. हा फळा मात्र
एका वेळी एकच ओळ मागतो.

साहेब लोकांचं बरं असतं.
जन्मतारीख कळली की बासष्टचा हिशेब
मी तिथंच मांडतो,
शेवटच्या रकान्यात, पेन्सिलनं, अगदी पुसट,
म्हणजे पुढं आकड्यांची दाटी होत नाही.
माणूस अजून शपथेचा पेढा खात असतो
आणि त्याचा शेवटचा दिवस
माझ्या हातून मांडून झालेला असतो.
कुणाला सांगत नाही. वाईट दिसतं.

लोमटे बाईंचं नाव दोनदा आलं.
पहिल्यांदा रजिस्ट्रार म्हणाले, जागा आखून ठेव.
मग म्हणाले, थांब.
फाईल मुंबईहून दिल्लीला गेली,
तिथं कोणत्या टेबलावर बसली ते
कँटीनच्या शिंगारेला सुद्धा ठाऊक नव्हतं,
आणि त्याला सगळं ठाऊक असतं.
परत आली. परत गेली.
दोन उन्हाळे माझ्या रेघेवर धूळ बसली.
बाई तेवढे दिवस जिन्यात उभ्या राहून
अंबाजोगाईच्या पक्षकारांशी बोलायच्या,
कुणाचं भूसंपादन, एका शिक्षिकेची पेन्शन.

मग आल्या. अतिरिक्त, दोन वर्षांसाठी.
मी विचारलं, अतिरिक्त म्हणजे?
पंगतीत पाट कमी पडला की पोतं अंथरतात, तसं?
रजिस्ट्रार म्हणाले, तू अक्षराकडं बघ.
अक्षराकडं बघत बघत
मी त्यांचाही हिशेब मांडला. बासष्टचा.
सवयीनं म्हणा.

मळीचा निकाल त्यांनी मार्चमध्ये दिला.
सिंदफणेकाठची माणसं टेम्पो करून आली होती,
बाटल्यांत तपकिरी पाणी घेऊन.
आत नेऊ देईनात,
तर गेटपाशी भिंतीला ओळीनं लावून ठेवल्या,
संध्याकाळपर्यंत तशाच.
पुढं बाईंची मुदत वर्षानं वाढली. कायम नाही. वाढली.
मग एका रात्री उशिरा बदलीचा कागद,
दूरच्या राज्यात, जिथली भाषा त्यांना येत नाही.
याचा त्याच्याशी संबंध आहे असं कुणी म्हणालं नाही.
मीही म्हणत नाही.
पेंटर तारीख लिहितो.
कारणाचा रकाना फळ्यावर नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला
त्या स्वतः व्हरांड्यात आल्या,
चोपदाराला लांब थांबवून.
मोईनभाई, माझ्यासमोर लिहा.
मी म्हणालो, ऑइल पेंट आहे मॅडम, वाळायला रात्र जाईल.
म्हणाल्या, ओलं असतानाच बघायचंय.

लिहिलं. ओळ थोडी वर घेतली,
पेन्सिल झाकू नये म्हणून.
हात हलला नाही, हे सांगताना लाज वाटते.
त्यांनी चष्मा पुसून वाचलं.
मग वाकल्या. खालची तारीख दिसली.

ही कुणाची?
तुमचीच.

बराच वेळ बघत राहिल्या.
'हिशेब बरोबर आहे,' म्हणाल्या,
आणि पदराला रंग लागू न देता गेल्या.

रजिस्ट्रार म्हणाले, ते पेन्सिलचं खोड.
हो, म्हणालो.
खोडरबर खिशात होतं. अजून आहे.
दुपारी ऊन खाली आलं की
जिन्याच्या कडेनं तिरकं बघा,
वाचता येतं. दिवस, महिना, साल.